व्यंग नेमकं कधी घडतं? गर्भाचे पहिले आठ आठवडे

पारिजातक

नात्यात किंवा शेजारी कुणाच्या बाळाला जन्मतः व्यंग असलं की पुढची चर्चा ठरलेली असते. पाचव्या महिन्यात ग्रहण होतं आणि हिनं भाजी चिरली. सातव्यात माहेरी जाताना एसटीत धक्के बसले. पपई खाल्ली, भरलेली बादली उचलली, जिने चढली. यादी सुनेपासून सुरू होते आणि सुनेपाशीच संपते.

मी मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना बरीच वर्षं शरीररचनाशास्त्र आणि गर्भविज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. या चर्चांमध्ये मला खटकतं ते एवढंच की तारीख कुणीच विचारत नाही. शरीराचा प्रत्येक भाग ठरावीक दिवसांत घडतो. ओठ एकदा जुळून आला की तो नंतर कात्रीनं, सुरीनं किंवा ग्रहणानं उसवत नाही. तेव्हा अमुक व्यंग कोणत्या आठवड्यातलं ते आधी बघावं आणि मग कारणाकडे वळावं. निम्मे आरोप तिथेच गळून पडतात.

आधी दिवसांचा हिशोब सांगते, कारण गोंधळ इथूनच सुरू होतो. डॉक्टर गरोदरपण मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. गर्भधारणा होते त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे फाइलवर सहा आठवडे लिहिलेले असतात तेव्हा गर्भाचं खरं वय चार आठवडे असतं. इथे मी खरं वयच धरलं आहे.

पहिल्या आठवड्यात फलित बीज बीजवाहिनीतून गर्भाशयाकडे येतं. येता येता एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा पेशी होत राहतात. सहाव्या-सातव्या दिवशी तो पेशींचा गोळा गर्भाशयाच्या अस्तरात रुतायला लागतो. दुसरा आठवडा रुतण्यात आणि वारेची तयारी करण्यात जातो. या काळात मोठी इजा झाली तर गर्भ टिकतच नाही. किरकोळ झाली तर उरलेल्या पेशी ती भरून काढतात, कारण कोणत्या पेशीनं पुढे काय व्हायचं ते अजून पक्कं ठरलेलं नसतं. 'दिवस गेलेत हे माहीत नव्हतं आणि पाळी चुकायच्या आधी मी एक गोळी घेतली' म्हणून महिनाभर रडणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. बहुतेक वेळा त्या भीतीला आधार नसतो. काही औषधं शरीरात दीर्घकाळ रेंगाळतात, त्यांची गोष्ट वेगळी.

खरी धांदल तिसऱ्या आठवड्यात. तोवर गर्भ म्हणजे दोन थरांची चपटी तबकडी असते. तिच्यावर एक रेघ उमटते, त्या रेघेतून पेशी आत उतरतात आणि दोनाचे तीन थर होतात. वरच्या थरातून त्वचा आणि सगळी मज्जासंस्था, मधल्यातून हाडं, स्नायू, हृदय, रक्त, मूत्रपिंडं, खालच्यातून आतड्याचं आणि फुप्फुसांचं अस्तर, यकृत. डोकं कुठल्या टोकाला आणि डावं-उजवं कुठलं, हेही याच सुमारास ठरतं. डाव्या-उजव्याचा निर्णय तर इतक्या नाजूक गोष्टीवर असतो की वर्गात सांगताना मुलांना खोटं वाटायचं. एका लहानशा खळग्यातल्या पेशींवरचे सूक्ष्म केस गोल फिरतात, त्यामुळे तिथला द्रव डावीकडे वाहतो, आणि त्या प्रवाहावरून गर्भाला डावी बाजू कळते. ते केस जन्मजात निकामी असतील तर हृदय उजवीकडे जाण्याची शक्यता निम्मी.

आणि मग न्यूरल ट्यूब, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून होतात ती. तबकडीच्या पाठीकडचा भाग जाड होतो, मध्ये खोलगट होतो, दोन्ही कडा उभ्या राहतात आणि एकमेकींकडे झुकतात. साधारण २२ व्या दिवशी त्या मानेच्या जागी पहिल्यांदा चिकटतात. तिथून जॅकेटची चेन एकाच वेळी वर आणि खाली ओढावी तशी नळी दोन्हीकडे मिटत जाते. डोक्याकडचं तोंड २५ व्या दिवसाच्या आसपास बंद होतं, शेपटीकडचं २८ व्या. त्या वेळी गर्भाची लांबी असते जेमतेम चार मिलीमीटर. वरचं तोंड उघडं राहिलं तर मेंदू आणि कवटी घडत नाही, ते बाळ जगत नाही. खालचं राहिलं तर पाठीवर ती गाठ येते, जिच्यात मज्जारज्जू उघडा पडलेला असतो. मग पायांत ताकद नाही, लघवी-शौचावर ताबा नाही, पुष्कळदा डोक्यात पाणी साठतं.

आता हे दिवस आईच्या कॅलेंडरवर मांडा. २८ वा दिवस म्हणजे पाळी चुकल्यानंतर दोन आठवडे. पाळी पुढे गेली म्हणून एक आठवडा वाट बघायची, मग घरी किटवर टेस्ट करायची, मग डॉक्टरची अपॉइंटमेंट. ही नळी नीट मिटायला मदत करणाऱ्या फोलिक अ‍ॅसिडची पहिली गोळी पोटात जाते तोवर नळी एक तर बंद झालेली असते किंवा उघडी राहून गेलेली असते. गोळी मूल होऊ द्यायचं ठरवल्यापासूनच घ्यायची, असं का सांगतात त्याचं कारण हे इतकं साधं आहे. किमान महिनाभर आधी तरी.

बाकीचं भराभर सांगते. हृदय २२-२३ व्या दिवशी धडधडू लागतं, तेव्हा ते नुसती नळी असतं, त्याचे कप्पे व्हायला सातवा-आठवा आठवडा उजाडतो. हातांचे कोंब २६ च्या सुमारास, पायांचे दोनेक दिवसांनी. वरचा ओठ सातव्या आठवड्यापर्यंत जुळतो. टाळूचे दोन पडदे आधी जिभेच्या दोन्ही अंगांना खाली लोंबत असतात. मग जीभ खाली सरते, पडदे आडवे होतात आणि मधोमध चिकटतात. मुलींमध्ये हे मुलांपेक्षा आठवडाभर उशिरा होतं, म्हणूनच बहुधा नुसती टाळू दुभंगलेली असणं मुलींत जास्त दिसतं. सहाव्या आठवड्यात आतडी पोटात मावत नाहीत म्हणून नाळेत जाऊन राहतात आणि दहाव्यात परत येतात. ती परत आली नाहीत तर बाळ बेंबीबाहेर आतडी घेऊन जन्मतं. बोटं आधी पडद्यानं जोडलेली असतात, आठव्या आठवड्यात मधल्या पेशी मरून ती सुटी होतात.

तारखेचं महत्त्व जगाला कळलं ते थॅलिडोमाइडमुळे. १९५७ मध्ये जर्मनीत झोपेची गोळी म्हणून आली, मळमळीवरही देत असत. नोव्हेंबर १९६१ मध्ये मागे घेतली तोवर जगभरात दहा हजारांहून जास्त मुलं आखूड किंवा नसलेल्या हातापायांनी जन्मली होती. हॅम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंट लेन्झ यांनी आयांना गोळी घेतल्याच्या तारखा विचारल्या. चित्र स्पष्ट निघालं. २० व्या ते ३६ व्या दिवसाच्या दरम्यान घेतली तरच इजा. त्यातही आधी घेतली तर कान, मग हात, आणखी थोड्या दिवसांनी घेतली तर पाय. त्यानंतर घेतलेल्यांची मुलं धडधाकट. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या एफडीएतल्या, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्यातल्या, बाईंनी परवानगीच दिली नव्हती, कंपनीनं कितीही तगादा लावला तरी.

कारणांचं म्हणाल तर, दर शंभरातल्या दोन-तीन बाळांना काही ना काही मोठं व्यंग असतं. त्यातल्या निम्म्याहून अधिकांचं एक असं कारण सापडत नाही. औषधं, संसर्ग, मधुमेह, दारू ही बाहेरची कारणं मिळून दहा टक्क्यांच्या आतच भरतात. उरलेल्यांत गुणसूत्रं, एकेकटी जनुकं, आणि बरीच जनुकं अधिक परिस्थिती असा मिश्र मामला.

लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. प्रश्न विचारा, तसं पुढे लिहीन.

---

गोदाकाठ

छान लिहिलंय ताई. आतडी नाळेत जाऊन राहतात हे वाचून दोनदा डोळे चोळले.

एक शंका. वीस आठवड्यांची जी सोनोग्राफी करतात ती मग तुमच्या हिशोबानं अठरा आठवड्यांची? आणि सगळं आठव्या आठवड्यातच घडून जात असेल तर इतकी उशिरा का करतात?

---

पारिजातक

हो, खरं वय अठरा. घडलेलं असलं तरी दिसायला हवं ना. आठव्या आठवड्यात गर्भ इंचभर असतो, त्याच्या हृदयातला पडदा सोनोग्राफीत कसा दिसणार? कवटी न घडणं मात्र फाइलवरच्या अकरा ते तेरा आठवड्यांच्या स्कॅनमध्येच कळतं. हृदय, मूत्रपिंडं, पाठीचा कणा नीट बघायला अठरा ते वीसच बरे.

---

सदाशिवपेठी

लेख माहितीपूर्ण आहे, पण सुरुवातीलाच ग्रहणावर घसरायची गरज नव्हती. आमच्या आज्या-पणज्यांनी शेकडो वर्षं जे पाळलं त्यामागे काही निरीक्षण असणारच. आणि समजा नसलं, तरी चार तास सुरी हातात न धरल्यानं कुणाचं काय बिघडतं? पाळून तोटा काय?

---

पारिजातक

सदाशिवपेठी, तोटा आहे. ग्रहण पाळायचं म्हणजे नुसतं न चिरणं नसतं हे तुम्हालाही माहीत आहे. खायचं नाही, पाणी प्यायचं नाही, काही घरांत झोपायचं नाही, लघवीला उठायचं नाही. उन्हाळ्यात सातव्या महिन्यातल्या बाईला हे सांगून बघा. आणि त्याहून मोठा तोटा नंतरचा. पाळलं नाही आणि बाळाचा ओठ दुभंगलेला निघाला, तर ती जन्मभर स्वतःला दोष देते.

निरीक्षणाचं म्हणाल तर गंमत ऐका. ग्रहण आणि दुभंगलेला ओठ यांचा संबंध मेक्सिकोतही लावतात, थेट अ‍ॅझ्टेक काळापासून. चंद्राला चावा बसला तसा बाळाच्या ओठाला बसतो, असं तिथलं म्हणणं. पण उपाय आपल्या बरोब्बर उलटा! तिथे गरोदर बाईनं ग्रहणात पोटाशी धातूची पिन किंवा किल्ली बाळगायची, पूर्वी काचदगडाचं पातं ठेवत. आपल्याकडे सुई-सुरीला हात लावायचा नाही, तिकडे तीच अंगावर बाळगायची. दोन्हीकडची बाळं साधारण सारख्याच प्रमाणात दुभंगलेल्या ओठानं जन्मतात, दर सातशे ते हजारात एक, ग्रहण असो वा नसो.

---

सदाशिवपेठी

मेक्सिकोचं माहीत नव्हतं. बरं, ग्रहण सोडून देऊ. पण गर्भोपनिषदात गर्भाची वाढ रात्रीच्या हिशोबानं दिली आहे, कलल, बुद्बुद, पिंड वगैरे, हे तरी मान्य कराल की नाही? सूक्ष्मदर्शक नसताना?

---

पारिजातक

मान्य, आणि आनंदानं. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला मी ते सांगायचे. आधी द्रव, मग बुडबुडा, मग गोळा, मग अवयव हा क्रम बरोबर आहे. गर्भपात झालेले गर्भ आणि जनावरांचे गर्भ पाहिलेल्या माणसाला तो सुचू शकतो. आकडे मात्र जुळत नाहीत. डोकं दुसऱ्या महिन्यात आणि पाय तिसऱ्यात असं तिथे आहे, प्रत्यक्षात दुसरा महिना संपताना बोटंसुद्धा सुटी झालेली असतात. त्या काळच्या मानानं ते ग्रेटच आहे, पण आजच्या बाईला गोळी कधी सुरू करायची ते त्यातून कळणार नाही.

---

चंद्रपूरची_मीरा

मी सहसा लिहीत नाही, वाचते फक्त. आज लिहिते.

माझ्या मोठ्या मुलाला डाव्या बाजूनं ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेलं होतं. तो जन्मला तेव्हा आत्येसासूबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "ग्रहणात काय केलं होतंस गं?" त्या वर्षी माझ्या गरोदरपणात ग्रहण होतं की नाही हेसुद्धा मला आठवत नव्हतं. तरी मी रात्र रात्र आठवत बसायचे. शेवटी आठवलं की कधीतरी मी ब्लाउजची बाही उसवली होती. बास, तेवढं पुरलं मला. बरीच वर्षं मी ते धरून होते.

दूध पाजण्याचं कुणी नीट सांगितलं नाही. बाळ ओढायचं, पण तोंडात हवेचा दाबच तयार होत नाही ना, दूध नाकातून बाहेर. एका वयस्क सिस्टरनी दाखवलं, बाळ उभं धरायचं, दूध काढून वाटी-चमच्यानं गालाच्या कडेनं थोडं थोडं सोडायचं आणि मध्ये मध्ये ढेकर काढायचा. एकेका वेळेला पाऊण तास जायचा. वजन वाढलं तेव्हा ओठाचं ऑपरेशन झालं, टाळूचं वर्ष झाल्यावर. नंतर स्पीच थेरपी. 'प' आणि 'ब' नाकातून यायचे, ते सुटायला वेळ लागला. आता तो इंजिनीअरिंगला आहे आणि मिशी ठेवतो, बरी दिसते.

आज तुमच्या लेखात वाचलं की ओठ सातव्या आठवड्यापर्यंत जुळतो. मी बाही उसवली ती ओटीभरणाच्या आधी, म्हणजे सातव्या महिन्यात.

---

गोदाकाठ

मीराताई, __/\__

---

डॉ_कंदील

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस. मॅडमचा लेख विद्यार्थी असताना मिळाला असता तर मार्क वाढले असते. थोडी भर घालतो, कारण 'आठव्या आठवड्यानंतर काही होत नाही' असा अर्थ कुणी काढायला नको.

मेंदू, डोळे, कान आणि जननेंद्रियं नंतरही घडत राहतात. मेंदू तर नऊच्या नऊ महिने. त्यामुळे दारू कोणत्याच महिन्यात चालत नाही. एनालाप्रिलसारख्या बीपीच्या काही गोळ्या नंतरच्या महिन्यांत बाळाच्या मूत्रपिंडांना मारतात. सायटोमेगॅलो, सिफिलिस यांचे संसर्ग उशिरासुद्धा इजा करतात. झिका तसाच. २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बाळं जन्मली तेव्हा आपल्याला ते लांबचं वाटलं होतं. २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला महाराष्ट्रातला पहिला रुग्ण सापडला, २०२४ मध्ये पुणे शहरात गरोदर बायकांना लागण झाली. एडिस डास तोच, डेंग्यूचा. कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करा.

आता ओपीडीत मला ज्यांची खरी धास्ती वाटते ती चार कारणं. पपई त्यात नाही.

पहिलं, फिटांचं औषध सोडियम व्हॅल्प्रोएट. न्यूरल ट्यूब उघडी राहण्याचा धोका त्यानं कितीतरी पटींनी वाढतो, शिवाय मुलाच्या बुद्धीवर परिणाम होतो. पण दिवस गेले म्हणून घाबरून स्वतःच्या मनानं गोळी बंद करणाऱ्या मुली येतात, त्यांना मोठी फिट येते आणि आई-बाळ दोघंही धोक्यात. लग्न ठरलं की न्यूरॉलॉजिस्टला भेटा, शक्य असेल तर औषध आधीच बदलून मिळतं.

दुसरं, मुरुमांवरची आयसोट्रेटिनोइनची कॅप्सूल. कॉलेजातल्या मुली मैत्रिणीच्या चिठ्ठीवर मेडिकलमधून आणतात. हे व्हिटॅमिन ए च्या कुळातलं औषध आहे. कान, हृदय, मेंदू, सगळ्यावर घाव घालतं. घेत असताना आणि बंद केल्यावर किमान महिनाभर दिवस जाता कामा नयेत.

तिसरं, साखर. गरोदरपणात नव्यानं निघणारा मधुमेह नव्हे, तो उशिरा येतो. आधीपासून असलेला. पहिल्या चार-सहा आठवड्यांत साखर चढलेली असेल तर हृदय आणि मज्जारज्जूची व्यंगं कैक पटींनी वाढतात. आपल्याकडे आता पंचविशीतही टाइप टू दिसतो, आणि बाईला ते पहिल्यांदा गरोदरपणाच्या तपासणीतच कळतं. तोवर मॅडमची ती चेन लागून गेलेली असते.

चौथं बोलायला अवघड आहे. गर्भपाताच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणायच्या, अर्धवट घ्यायच्या, रक्तस्राव थोडा झाला की झालं असं समजायचं. कधी गर्भ टिकून राहतो. या गोळ्यांतल्या मिसोप्रोस्टॉलमुळे अशा बाळांच्या चेहऱ्याच्या नसा आणि हातपाय बिघडलेले आढळले आहेत. गोळ्या घ्यायच्या तर डॉक्टरकडे घ्या, आणि नंतर सोनोग्राफी करून खात्री करा. कायद्याच्या अटींत बसणारा गर्भपात आपल्याकडे गुन्हा नाही, लपवण्याचं कारण नाही.

---

खवय्या

डॉक्टर, पपई सुटली हे वाचून जीव भांड्यात पडला :)

माझ्या बायकोचा पडल्यामुळे छातीचा एक्स-रे काढला होता, तेव्हा पाळी दोन दिवस पुढे गेलेली. आता तिसरा महिना चालू आहे. सासूबाई 'खाली करा' म्हणतायत. काय करू?

---

डॉ_कंदील

काहीही करू नका. छातीच्या एक्स-रेत गर्भापर्यंत पोचणारा किरणोत्सार ०.०१ मिलीग्रेहूनही (हे किरणोत्साराचं माप) कमी असतो. धोका मोजायला लागतो तो सुमारे १०० मिलीग्रेच्या पुढे. दोन्ही आकड्यांत दहा हजार पटींचं अंतर आहे. सासूबाईंना हाच आकडा सांगा. रेग्युलर तपासण्या चालू ठेवा, तुमच्या डॉक्टरांनाही एकदा सांगून ठेवा.

पपईचं एकदाच लिहितो. कच्च्या पपईच्या चिकानं प्राण्यांवरच्या प्रयोगात गर्भाशय आकुंचन पावलेलं दिसलं आहे, म्हणून कच्ची टाळा. पिकलेली खा. आणि कोणत्याही पपईनं व्यंग होत नाही.

---

वऱ्हाडी_ठेचा

नात्यातल्या लग्नाचं कोणीच काही बोललं नाही. आमच्याकडे मामाची पोरगी करायची पद्धत अजून आहे. त्यानं किती फरक पडतो?

---

पारिजातक

पडतो, पण लोक समजतात तितका नाही. मामेबहीण-आतेभाऊ यांच्यात आठवा हिस्सा जनुकं सामाईक असतात. सर्वसाधारण जोडप्याला व्यंगाची शक्यता दोन-तीन टक्के, तर यांना अजून साधारण दोन टक्के वाढीव. म्हणजे शंभरातली पंच्याण्णव बाळं तरीही ठीक. पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरांत देणंघेणं होत असेल किंवा आधी एक मूल एखाद्या आनुवंशिक आजाराचं झालं असेल, तर मात्र जेनेटिक समुपदेशन घ्याच. तुमच्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्याची तपासणी तर नात्यात असो की नसो, लग्नाआधी करावी.

---

निळी_शाई

डाउन सिंड्रोमची तारीख कोणती मग? माझ्या बहिणीच्या मुलाला आहे. तिला ऐकवलं गेलं की गरोदरपणात ती फार चिडायची म्हणून.

---

पारिजातक

निळी_शाई, याची तारीख सगळ्यात विलक्षण आहे. ती गर्भधारणेच्याही आधीची.

मुलीची सगळी बीजांडं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात, विभाजनाला सुरुवात करतात आणि अर्ध्यावर थांबतात. थांबतात ती थेट तिची पाळी सुरू होऊन त्यांची पाळी येईपर्यंत, कुणी पंधरा वर्षं, कुणी चाळीस. इतका वेळ गुणसूत्रांच्या जोड्या एकमेकींना धरून बसलेल्या असतात. वेळ आल्यावर त्या सुटायला हव्यात, कधी एखादी जोडी सुटत नाही. २१ व्या क्रमांकाची सुटली नाही तर बाळाला त्याची तीन गुणसूत्रं मिळतात. वय वाढतं तशी ही चूक वाढते. विशीत दीड हजारात एक, चाळिशीला शंभरात एक असा ढोबळ हिशोब. पण तरुण आयांची बाळंतपणंच जास्त, त्यामुळे डाउनची पुष्कळ मुलं तरुण आयांच्याच पोटी येतात. चिडण्याचा, रडण्याचा, खाण्याचा काडीचा संबंध नाही. नऊ महिने सुरू व्हायच्या आधीच ते ठरून गेलेलं असतं.

आणि बापही सुटत नाहीत, हे जाता जाता. बुटकेपणाचा एक नेहमीचा प्रकार, अ‍ॅकाँड्रोप्लेजिया, बहुतेक वेळा नव्या जनुकबदलानं येतो, आणि तो बदल जवळपास नेहमी बापाच्या बाजूचा असतो. बापाचं वय वाढतं तसा तोही वाढतो. पन्नाशीत बाप झालेल्यांना कुणी ऐकवत नाही.

---

हाफकिनजवळचा

फोलिक अ‍ॅसिडवरून आठवलं. याचा उगम आमच्या परळचा आहे हे कुणी सांगितलंच नाही! १९२८ च्या सुमारास ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विशिष्ट अ‍ॅनिमिया व्हायचा, रक्तपेशी मोठ्या आणि अपुऱ्या वाढलेल्या. परळच्या हाफकिन संशोधन संस्थेत आधी उंदीर, माकडं असं करत त्यांनी बरंच काही तपासलं आणि शेवटी चक्क मार्माइटनं गुण आला. तेच ते, पावाला लावायचं यीस्टचं काळं, खारट चाटण. त्यातला घटक पुढे दहाएक वर्षं 'विल्स फॅक्टर' म्हणूनच ओळखला जायचा. १९४१ मध्ये पालकाच्या पानांपासून तो वेगळा काढला आणि फोलिक अ‍ॅसिड हे नाव पडलं. आणि प्रयोगशाळेत तो बनवणाऱ्या लेडर्ले कंपनीतल्या चमूचे प्रमुख होते आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव. गिरणगावातल्या बायकांच्या रक्तावरून सुरू झालेली गोष्ट आहे ही.

---

पारिजातक

वा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. पुढचा दुवा मी जोडते. व्यंगाशी संबंध पक्का व्हायला मात्र १९९१ उजाडलं. ज्यांना आधी न्यूरल ट्यूबचं व्यंग असलेलं मूल झालं होतं अशा बायकांवर सात देशांत ब्रिटिशांनी चाचणी घेतली. रोज चार मिलिग्रॅम फोलिक अ‍ॅसिड घेणाऱ्यांत ते पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. पुढच्याच वर्षी हंगेरीत पहिलटकरणींतही फायदा दिसला. १९९८ पासून अमेरिकेत पिठात मिसळणं सक्तीचं आहे.

---

सदाशिवपेठी

मग नेमकी किती घ्यायची? दुकानात तर पाच मिलिग्रॅमचीच मिळते. मुलगी पुढच्या वर्षी 'विचार करतेय', तेव्हा विचारून ठेवतो.

---

डॉ_कंदील

सर्वसाधारण बाईला रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतात, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी. चार-पाच मिलिग्रॅम लागतात ते आधीचं मूल न्यूरल ट्यूबच्या व्यंगाचं असेल, फिटांची औषधं चालू असतील, अशांना. दुकानात पाचचीच पटकन मिळते म्हणून सरसकट तीच घेतली जाते हे खरं आहे. ४०० ची मागून घ्या, मिळते.

आणि मुलगी शाकाहारी असेल तर बी१२ तपासून घ्या, हे माझं सगळ्यांना सांगणं असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून आसपासच्या गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा मागोवा ठेवला आहे. निम्म्याहून अधिक आयांना बी१२ कमी. ज्यांचं फोलेट (म्हणजे फोलिक अ‍ॅसिडच) भरपूर आणि बी१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त दिसली. शिवाय बी१२ कमी असेल तर न्यूरल ट्यूबचा धोका वाढतो असं आयर्लंडच्या अभ्यासातही आलं आहे. दोन्ही जीवनसत्त्वं एकाच कामाची आहेत, एकटं फोलिक रेटून उपयोग नाही. ताक-दही पुरेसं नसतं बऱ्याचदा, गोळी लागते.

अजून एक, रुबेलाची लस. १९४१ मध्ये सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांना जन्मतः मोतीबिंदू असलेली बाळं एकदम जास्त दिसू लागली. वेटिंग रूममधल्या दोन आयांच्या गप्पांमधून त्यांना धागा मिळाला असं सांगतात: दोघींनाही गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता. आपल्या राज्यात २०१८ च्या नोव्हेंबरात शाळाशाळांतून गोवर-रुबेला लस दिली. त्या वेळी जी मुलं पंधरा वर्षांच्या पुढे होती, म्हणजे आज बाळंतपणाच्या वयात असलेल्या बहुसंख्य मुली, त्या सुटल्या. तुमची मुलगी त्यातलीच असणार. लग्नानंतर नव्हे, आत्ताच घ्या. घेतल्यावर महिनाभर दिवस जाऊ देऊ नयेत.

---

काळा_कोट

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण जुनी माहिती फिरत असते. पूर्वी गर्भपाताची मर्यादा २० आठवडे होती, आणि मोठी सोनोग्राफी नेमकी १८-२० ला, त्यामुळे रिपोर्ट येईपर्यंत मुदत संपायची. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गाजलेलं प्रकरण याचंच होतं, बाळाच्या हृदयातला दोष चोविसाव्या आठवड्याच्या आसपास कळला आणि परवानगी नाकारली गेली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर व्यंग असल्यास २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं, आणि त्यापुढे वैद्यकीय मंडळानं गंभीर व्यंग असल्याचं निदान केलं तर मुदतीची अट नाही. थेट कोर्टात धावायची गरज उरलेली नाही. आठवडे अर्थातच फाइलवरचे.

---

चंद्रपूरची_मीरा

अजून एक विचारते. जाऊबाईंच्या नातीची दोन्ही पावलं आत वळलेली आहेत, दहा दिवसांची आहे. घरचे म्हणतात तेलानं मालिश केली की सरळ होतील, सव्वा महिना झाल्यावर बघू. यालाही तारीख असते का?

---

डॉ_कंदील

मीराताई, सव्वा महिना थांबू नका. पावलं आतमध्ये नेमकी कधी वळतात यावर एकमत नाही, पण उपचाराची तारीख आजची आहे. पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला पाऊल हातानं थोडं सरळ करून मांडीपर्यंत प्लास्टर घालतात, साधारण पाच-सहा प्लास्टर. शेवटी बहुतेकांना टाचेची शीर (टेंडन) एका छोट्या छेदानं सोडवतात, मग पट्टीला जोडलेले बूट. पहिले तीन महिने दिवसरात्र, नंतर चार-पाच वर्षांपर्यंत फक्त झोपताना. बूट कंटाळून सोडले की पावलं परत वळतात, तिथेच लोक चुकतात. मालिशनं खरा क्लबफूट सरळ होत नाही.

पैशांचं म्हणाल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे मोफत आहे. तो कार्यक्रम सुरूच झाला २०१३ मध्ये आपल्या पालघरहून. क्लबफूट, दुभंगलेला ओठ-टाळू, हृदयाचे दोष, पाठीवरची गाठ, जन्मजात मोतीबिंदू, बहिरेपणा असं बरंच त्यात बसतं. जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, आशाताईंना सांगितलंत तरी त्या पाठवतील. प्लास्टर कोणत्या वारी घालतात तेवढं आधी फोन करून विचारा, सगळीकडे रोज नसतं.

---

चंद्रपूरची_मीरा

आत्ताच जाऊबाईंना फोन केला. सोमवारी नेतायत.